किती दात कोरायचे, हे कोण ठरवते? धंतोलीतील एका दंतदवाखान्याचे परीक्षण

दाताच्या दवाखान्याविषयी अभिप्राय लिहिताना आपण सहसा जागा स्वच्छ आहे का, इंजेक्शन दुखले का, डॉक्टर नीट बोलतात का आणि बिल किती झाले, एवढे पाहतो. या गोष्टी महत्त्वाच्या आहेत, आणि त्या रुग्णाला स्वतःला पडताळूनही पाहता येतात. परंतु दंतवैद्याकडून आपण जी सर्वांत महागडी सेवा घेतो ती यांपैकी एकही नव्हे. तोंडातल्या कोणत्या दाताला आज हात लावायचा, कोणत्याला काही महिने थांबू द्यायचे आणि कोणत्याच्या वाटेला कधीच जायचे नाही, हा निर्णय हीच ती सेवा. आणि तिची गुणवत्ता रुग्णाला आधी कळत नाही, तशी नंतरही कळत नाही. न दुखणाऱ्या दातात सिमेंट भरले आणि पुढेही तो दुखला नाही, तर भरणे गरजेचे होते की नव्हते हे त्यावरून ठरत नाही. नागपूरच्या धंतोली भागातील ज्या दवाखान्याविषयी मी लिहितो आहे, त्याचे मूल्यमापन मी प्रामुख्याने या निर्णयाच्या अंगाने करणार आहे. दवाखान्याचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण पुढे काही तक्रारीही येणार आहेत आणि एका डॉक्टरच्या बळावर चालणाऱ्या लहान जागेबद्दल नावानिशी तसे लिहिणे मला प्रशस्त वाटत नाही.

तेथे जाण्याचे कारण दुसऱ्याच एका दवाखान्यात घडले. आमच्या सोसायटीत मोफत दंततपासणीचे शिबिर झाले. ‘चार-पाच ठिकाणी कीड दिसते आहे, येऊन पूर्ण तपासणी करून घ्या’ असे तेथे सांगण्यात आले, आणि उजवीकडच्या खालच्या दाढेला थंड पाणी लागले की कळ येत असल्यामुळे मी शिबिर भरवणाऱ्या त्या चकचकीत दवाखान्यात गेलोही. तोंडात कॅमेरा फिरवून काढलेले फोटो भिंतीवरच्या पडद्यावर इतके मोठे करून दाखवले गेले की दाढेच्या खाचेतली चहाची रेषा नाग नदीच्या पात्रासारखी काळी आणि रुंद दिसत होती. त्यानंतर छापील कागद हातात आला : पाच दाढांत फिलिंग, कळ येणाऱ्या दाढेचे रूट कॅनाल (म्हणजे आतली नस काढून पोकळी भरणे) आणि त्यावर झिर्कोनियाची कॅप, डावीकडची खालची अक्कलदाढ काढणे, हिरड्यांचे ‘डीप क्लीनिंग’ (हिरडीखालची खोलवर सफाई), आणि पूर्वी काढलेल्या एका दाढेच्या जागी इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवलेला कृत्रिम दात. एकूण ८७,५०० रुपये. त्याच दिवशी ‘पॅकेज’ घेतल्यास सूट आणि हप्त्यांची सोय.

माझी नोकरी सिव्हिल लाइन्सच्या महालेखाकार कार्यालयात गेली असल्यामुळे खर्चाच्या प्रत्येक ओळीमागचा कागद मागायची सवय सुटलेली नाही. रूट कॅनाल कशावरून, असे विचारल्यावर ‘सर, सेन्सिटिव्हिटी आहे ना, पुढे दुखणारच आहे’ हे उत्तर मिळाले. उत्तर देणारी मुलगी अतिशय अदबीने बोलत होती, पण ती डॉक्टर नव्हती. तिच्या कोटावर ‘ट्रीटमेंट को-ऑर्डिनेटर’ असे लिहिले होते. डॉक्टर तोवर पुढच्या खुर्चीकडे वळले होते. कागदावर दर होते, दातांचे क्रमांक होते, करसवलतीची टीपसुद्धा होती. एकाही उपचारापुढे कारण मात्र लिहिलेले नव्हते.

धंतोलीचा दवाखाना यशवंत स्टेडियमपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आहे. दोन खुर्च्या, मधे छतापर्यंत न पोहोचणारे पार्टिशन, पन्नाशीच्या डॉक्टर मॅडम आणि एक मदतनीस, एवढाच पसारा. पहिल्या भेटीत मॅडमनी एकही दात कोरला नाही. आधी त्यांनी जुने एक्स-रे मागितले, कारण त्यांच्या मते एका वेळच्या फोटोवरून डाग आहे एवढेच कळते, तो वाढतो आहे का हे कळत नाही. मग एकेक दाढ हवेच्या झोताने कोरडी करून, आरशात तिरपा उजेड धरून पाहिली. ओल्या दातावर न दिसणारा कीडीचा पहिला पांढरट डाग दात कोरडा झाल्यावर दिसतो, असे त्यांनी मदतनिसाला सांगितले. मी ऐकतो आहे हे त्यांना ठाऊक होतेच.

कळ येणाऱ्या दाढेची तपासणी येथे जरा विस्ताराने सांगतो, कारण रूट कॅनाल करायचे की नाही हे तिच्यावर अवलंबून होते. फवाऱ्याने बर्फगार केलेला कापसाचा बोळा त्यांनी आधी पलीकडच्या निरोगी दाढेला लावला, म्हणजे साधारण संवेदना कशी असते हे मला कळावे. मग तोच तक्रारीच्या दाढेला. ‘काका, कळ आली की हात वर करा, गेली की खाली.’ कळ आली, आणि बोळा काढताच दोन-तीन सेकंदांत ओसरली. त्यानंतर आरशाच्या दांड्याने दाढेवर हलकेच टकटक केली. काहीही दुखले नाही. रात्री झोपेतून जाग येते का, गरम चहाने दुखते का, काही न खाता-पिता आपोआप ठणकते का, असे प्रश्न विचारले. सगळ्यांची उत्तरे नकारार्थी होती. थंडाची कळ लगेच ओसरत असेल तर दाढेतली नस बहुधा सावरू शकते. कळ मिनिटभर रेंगाळत असेल, आपोआप उठत असेल किंवा ठोकल्यावर दुखत असेल, तर नस काढण्याचा विचार करावा लागतो. एक्स-रेत मुळांची टोके स्वच्छ होती आणि जुन्या फिलिंगच्या कडेला फट पडलेली दिसत होती. कळ त्या फटीतून येत होती.

‘नस जिवंत आहे अन् शहाणीही आहे,’ मॅडम म्हणाल्या. ‘तिला मारायचं कशाला?’

फिलिंग काढून नवे भरले. तपासणी फी, दोन एक्स-रे आणि फिलिंग मिळून २,७०० रुपये झाले. कळ त्यानंतर गेली. ती गेली म्हणून निदान बरोबर होते असे म्हणण्याचा मोह होतो. तथापि रूट कॅनालनेही ती गेलीच असती, आणि मग त्या दवाखान्याचे निदान मी बरोबर ठरवले असते. म्हणूनच उपचारानंतर बरे वाटणे हा या प्रकरणात पुरावा होऊ शकत नाही, हे मी सुरुवातीलाच म्हटले.

बाकीच्या पाच फिलिंगांविषयी मॅडमचे म्हणणे असे की दोन ठिकाणी नुसते डाग आहेत, कीड नाही. तीन ठिकाणी दोन दाढांच्या मधल्या फटीत कीडीची सुरुवात आहे, पण ती अजून वरच्या कठीण कवचातच, म्हणजे इनॅमलमध्ये आहे. कवचातली कीड फ्लोराइडची पेस्ट, दातांच्या मधली स्वच्छता आणि गोड खाण्याच्या वेळा कमी करणे यांनी थांबू शकते. ती आतल्या मऊ थरात उतरली आणि खड्डा पडला की कोरण्याला पर्याय फारसा उरत नाही. या सीमारेषेवरचा नेमका हाच प्रकार घेऊन स्वित्झर्लंडमध्ये एक प्रयोग झाला होता, ज्याचे निष्कर्ष २०२० मध्ये अर्थशास्त्राच्या एका नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोन दातांमधल्या फटीत, केवळ कवचापुरती कीड असलेला एकच रुग्ण झुरिचमधल्या १८० दंतवैद्यांकडे पाठवण्यात आला. तेथील दंतवैद्यांच्या संघटनेच्या मार्गदर्शनानुसार त्याला फिलिंगची गरज नव्हती. तरीही २८ टक्के भेटींत गरज नसलेले फिलिंग सुचवले गेले, आणि ज्यांच्याकडे रुग्णांची गर्दी कमी होती त्यांच्याकडे हे प्रमाण जास्त निघाले. हा निष्कर्ष नागपूरला जसाच्या तसा लावता येणार नाही, हे खरे. परंतु रिकामी खुर्ची निदानावर परिणाम करते, ही गोष्ट मान्य करायला स्विस घड्याळांच्या देशाला लाज वाटली नाही, तर आपल्यालाही वाटू नये.

जास्तीच्या एका फिलिंगने बिघडते काय, असे कोणी विचारील. बिघडते ते पुढे. कोरलेला दात पुन्हा भरून येत नाही, आणि फिलिंग आयुष्यभर टिकत नाही. काही वर्षांनी ते बदलताना खड्डा दर वेळी थोडा मोठा होतो, एके दिवशी भिंत तुटते, कॅप येते, कॅपखाली नस दगावते आणि रूट कॅनाल येते. चाळिशीत विनाकारण कोरलेल्या दाढेचा हिशेब सत्तरीत चुकता करावा लागतो, आणि तोपर्यंत कोरणारा कोण होता हेही कोणाच्या लक्षात राहिलेले नसते.

अक्कलदाढेचे प्रकरण थोडक्यात सांगता येईल. ती हाडात आडवी आहे, तिने कधी त्रास दिलेला नाही, आणि एक्स-रेत तिच्यामुळे पुढच्या दाढेला इजा झालेली दिसत नाही. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेने २००० सालीच असे मार्गदर्शन केले होते की कोणताही विकार नसलेल्या अडकलेल्या अक्कलदाढा केवळ खबरदारी म्हणून काढण्याची प्रथा बंद करावी. पुढच्या दाढेच्या पाठीमागे कीड लागली किंवा हिरडी वारंवार सुजू लागली तर मात्र काढावी लागेल, हे मॅडमनी बजावले. हिरड्यांच्या बाबतीत त्यांनी बारीक खुणा असलेल्या सळईने प्रत्येक दात आणि हिरडी यांमधल्या फटीची खोली मोजली आणि मदतनीस ‘तीन, दोन, तीन’ असे आकडे लिहून घेत गेला. दोनच ठिकाणी चार मिलिमीटर निघाले, म्हणून साधे स्केलिंग, म्हणजे दातांवरचे किटण काढणे, पुरे ठरले. पहिल्या दवाखान्यात ‘डीप क्लीनिंग’ सुचवण्याआधी ही सळई माझ्या तोंडात गेलीच नव्हती. इम्प्लांटबद्दल विचारल्यावर मॅडमनी उलट विचारले, ‘चावताना अडतं का?’ नाही म्हटल्यावर त्यांनी तो विषय कागदाच्या तळाशी, ‘तुम्हाला हवं असल्यास’ या शब्दांपुढे लिहून ठेवला.

या कागदाचे मला विशेष वाटते. हाताने लिहिलेला, अक्षर डॉक्टरी, पण प्रत्येक दातापुढे तीन गोष्टी होत्या : काय दिसले, आज काही करायचे का, आणि नाही केले तर काय होऊ शकते. शेवटचा रकाना कायद्यानेही महत्त्वाचा आहे. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितले की तपासणीसाठी दिलेली संमती ही उपचारासाठीची संमती होत नाही, आणि संमती घेताना उपचाराचे स्वरूप, पर्याय, धोके यांबरोबरच उपचार नाकारल्यास काय होईल हेही रुग्णाला सांगितले पाहिजे. तो खटला दातांचा नव्हता. पण खुर्चीवर आडवे पडून, तोंडात कापूस असताना ‘हे पण करून टाकू या ना, काका?’ या प्रश्नाला मान हलवणारे आपण सगळेच त्या निकालाच्या कक्षेत येतो. वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते हे तर १९९५ पासून ठरलेले आहे. तरीही दुकानात पंख्याची पावती मागणारा माणूस दवाखान्यात स्वतःचा एक्स-रे मागायला संकोचतो.

पहिल्या दवाखान्यावर मी अप्रामाणिकपणाचा आरोप करत नाही, आणि यामागे केवळ सभ्यपणा नाही. एकच एक्स-रे पाहून दोन चांगले दंतवैद्य वेगवेगळे मत देऊ शकतात. कीड कवचात आहे की त्याखाली, हे करड्या छटांवरून ठरवायचे असते. शिवाय कोण कोणत्या काळात शिकला यावरही बरेच अवलंबून असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जी. व्ही. ब्लॅक या अमेरिकी दंतवैद्याने असे तत्त्व घालून दिले की कीडीपुरतेच कोरून न थांबता शेजारच्या निरोगी खाचाही कोरून भराव्यात, म्हणजे तेथे पुढे कीड लागणार नाही. फ्लोराइडची पेस्ट नव्हती, दाताला चिकटणारे सिमेंट नव्हते, त्या काळात ते दूरदृष्टीचे तत्त्व होते, आणि अनेक पिढ्या जगभर तेच शिकवले गेले. तेव्हा जास्त कोरणारा प्रत्येक डॉक्टर पैशांसाठीच कोरतो असे मानणे अन्यायाचे होईल. पण मतभेद प्रामाणिक असेल तर त्याची कारणे सांगता आली पाहिजेत, आणि ती डॉक्टरने सांगितली पाहिजेत. पगार किंवा प्रोत्साहनभत्ता पॅकेजांच्या विक्रीवर ठरणाऱ्या माणसाच्या तोंडून निदान ऐकवणे, आणि ‘आजच घेतले तर सूट’ म्हणून विचार करायला एक रात्रही न देणे, ही मतभेदाची लक्षणे नव्हेत. डेंटल कौन्सिल ऑफ इंडियाच्या आचारसंहितेत रुग्णांना थेट किंवा आडवळणाने आपल्याकडे ओढणे अनैतिक मानले आहे; मोफत शिबिरातून निघून सूट-कुपनापर्यंत पोहोचणारा रस्ता त्या कलमाच्या किती जवळून जातो, हे ज्याचे त्याने पाहावे.

पैशांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मॅडम तपासणीचे ३०० रुपये घेतात आणि काहीही उपचार न करता परत पाठवले तरी ते घेतातच. माझ्यासमोर एक गृहस्थ यावरून कुरकुरत खाली उतरले : ‘काहीच केलं नाही अन् तीनशे रुपये घेतले.’ आपल्याकडे ही तक्रार इतकी सर्रास ऐकू येते की तिच्यातला विरोधाभास लक्षातच येत नाही. कोरण्याचे पैसे द्यायला आपण तयार असतो. न कोरण्याचा विचार करायला डॉक्टरने अर्धा तास घालवला, त्याचे पैसे आपल्याला फुकट गेल्यासारखे वाटतात. खुर्चीचे कर्ज, भाडे, मदतनिसाचा पगार हे सगळे मग फक्त कोरण्यातून वसूल व्हावे लागते, आणि मोफत तपासणीचा खर्च कोणत्या तरी दाढेतून निघतो. मी मॅडमना फीबद्दल विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, ‘ही फी आहे म्हणून मला नाही म्हणता येतं.’ या दवाखान्याचे मला पटलेले अर्थशास्त्र एवढेच आहे.

कमी उपचार म्हणजे नेहमीच चांगला उपचार, असा समज मात्र येथे होऊ नये. पार्टिशनपलीकडचे बोलणे स्पष्ट ऐकू येते (हा दवाखान्याचा मोठा दोष आहे, रुग्णाच्या खासगीपणाचा तेथे काहीच विचार केलेला नाही), आणि त्यामुळे एका ऑटोचालकाचे प्रकरण माझ्या कानावर पडले. ‘मॅडम, रात्रभर दुखून राह्यली जी दाढ. काढूनच टाका एकडाव.’ दाढ काढणे त्याच्या दृष्टीने सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी उपचार होता. मॅडम म्हणाल्या, ‘दाढेचं मग पाहू. आधी तोंड उघडा. अजून. बस, एवढंच?’ त्याला त्याचीच तीन बोटे उभी करून तोंडात घालायला सांगितली. दोन गेली, तिसरे शिरेना. ‘खर्रा दिवसाचे किती?’ याचे उत्तर तो बराच वेळ देत नव्हता. विदर्भात खर्रा काय चीज आहे हे नागपूरकराला सांगायला नको : सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून दिवसभर गालात धरायचा. सुपारीने गालाच्या आतला पडदा हळूहळू कडक होत जातो, तोंड उघडणे कमी होते, आणि अशा तोंडात पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. त्या माणसाला दाढेपेक्षा या तपासणीची गरज अधिक होती आणि ती त्याने मागितलेली नव्हती. दाढेला तात्पुरता उतार पडेल एवढे करून मॅडमनी त्याला चिठ्ठी देऊन मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, परिसरातील शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालयात पाठवले. किती उपचार हवा याचे उत्तर तेथे ‘तुम्ही मागता त्यापेक्षा बराच जास्त’ असे होते, आणि त्यातून दवाखान्याला मिळायचे काही नव्हते.

१९६८ साली सुरू झालेल्या त्या शासकीय महाविद्यालयाचा उल्लेख आला, म्हणून एक मुद्दा. दुसरे मत हवे असणाऱ्यांना मी दंत महाविद्यालयाचा पर्याय नेहमी सुचवतो. सरकारी जागेखेरीज हिंगणा रस्त्यावर खासगी महाविद्यालयेही आहेत. महाविद्यालयांत सहसा निदानाचा विभाग वेगळा आणि फिलिंग, रूट कॅनाल, दाढ काढणे यांचे विभाग वेगळे असतात. त्यामुळे निदान करणाऱ्याला पुढच्या उपचारातून काही मिळत नाही. तथापि तेथेही माणसे निर्हेतुक नसतात. विद्यार्थ्यांना परीक्षेआधी ठरावीक संख्येने उपचार पूर्ण करावे लागतात, आणि ‘कोटा’ अपुरा असलेला विद्यार्थी तुमच्या दाढेकडे थोड्या आशेने पाहतो, हे दंतवैद्य मंडळी हसत कबूल करतात. फरक असा की त्याच्या निर्णयावर शिक्षकाची सही लागते. खासगी दवाखान्यात ती सही करणारे कोणी नसते. तेथे दुसरे मत हीच ती सही, आणि ती आणण्याचे काम रुग्णावर येते. मॅडमनी माझा एक्स-रे आणि त्यांचा कागद ‘कुणालाही दाखवा’ म्हणून स्वतःहून दिला असता तर मला अधिक आवडले असते. मागितल्यावर दिला, विनातक्रार दिला, पण मागावा लागला.

माझ्या भाचीचा अनुभवही नोंदवण्यासारखा आहे. लग्न ठरल्यावर तिला पुढच्या सहा दातांवर व्हिनिअर, म्हणजे दातांच्या रंगाच्या पातळ चकत्या, बसवून घ्यायचे होते, आणि खर्च करायला घरचे तयार होते. दात निरोगी, किंचित पिवळसर. मॅडमनी तिला नाही म्हटले नाही. दातांचा पुढचा थर घासावा लागेल, तो परत येणार नाही, आणि व्हिनिअर पुढे कधी ना कधी बदलावे लागतील, एवढे सांगून दात स्वच्छ करून दिले आणि महिनाभराने पुन्हा विचारायला या म्हणाल्या. भाची रागावली आणि दुसरीकडून व्हिनिअर करून आली. ते सुंदर दिसतात, हे मला मान्य करावे लागेल. सव्विशीच्या सज्ञान मुलीला तिच्या दातांचे काय करायचे हे ठरवण्याचा अधिकार आहे, आणि तिला महिनाभर थांबवण्यात डॉक्टरचा सल्ला कोठे संपतो आणि मोठेपणा कोठे सुरू होतो, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.

आता तक्रारी. पार्टिशनचे सांगितलेच. दरपत्रक भिंतीवर नाही. विचारल्यावर दर सांगतात, पण विचारायला धीर लागतो. वेळ दिलेली असली तरी तासभर बसण्याची तयारी ठेवावी, कारण मॅडम प्रत्येकाशी सविस्तर बोलतात आणि ज्या गुणासाठी आपण तेथे जातो त्याचीच किंमत बाकावर बसून मोजावी लागते. जिना अरुंद आणि चढा आहे, गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी जपून यावे.

सर्वांत गंभीर तक्रार मात्र त्यांच्या मुख्य गुणाशीच जोडलेली आहे. ‘थांबू या’ हा उपचार असेल, तर त्याची पुढची तारीख हा त्या उपचाराचा अविभाज्य भाग आहे. कोणी किती दिवसांनी परत यावे हे प्रत्येकाच्या जोखमीनुसार ठरवावे, असे ‘नाइस’ने २००४ मध्ये सांगितले होते, सरसकट सहा महिने नव्हे, तर प्रौढांसाठी ३ ते २४ महिन्यांच्या दरम्यान. मॅडमनी माझ्यासाठी सहा महिने ठरवले आणि जाड रजिस्टरात लिहून ठेवले. पण दवाखान्यातून ना फोन आला ना संदेश. मी आपणहून गेलो तेव्हा एक्स-रेत दिसले की लक्ष ठेवलेल्या तीन जागांपैकी दोन जशाच्या तशा आहेत आणि तिसरी कवचाखाली उतरली आहे. ती त्याच दिवशी कोरून भरली, लहानच खड्डा होता. जो रुग्ण आपणहून जात नाही, नोकरीच्या धावपळीत विसरतो, त्याच्या बाबतीत त्याच तिसऱ्या जागेचे दोन वर्षांत रूट कॅनाल होऊ शकते, आणि तेव्हा ‘त्या पहिल्या दवाखान्याने बरोबर सांगितले होते’ असे तो म्हणेल. त्याचे चुकणारही नाही. मी हे मॅडमना सांगितले. त्यांनी मदतनिसाकडे पाहिले, मदतनिसाने रजिस्टराकडे पाहिले, आणि ‘व्हॉट्सॲपवर आठवण पाठवायला सुरू करू’ असे आश्वासन मिळाले. हे लिहीपर्यंत मला तसा संदेश आलेला नाही.

पाचपैकी चार गुण. वेळ सकाळी १० ते १ आणि संध्याकाळी ५ ते ८, रविवारी बंद. धंतोलीच्या त्या गल्लीत शेजारच्या हॉस्पिटलांमुळे संध्याकाळी गाडी लावायला जागा मिळत नाही, म्हणून शक्यतो सकाळची वेळ घ्यावी आणि जुने एक्स-रे असतील तर सोबत न्यावेत.